उंदराच्या शेपटीची कानस

गेल्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी मखराच्या लोखंडी अँगलला भोकं पाडताना माझं ड्रिल अडलं. मशीन जोरात किंचाळत होतं, बिटाच्या टोकावर निळसर झाक आली होती आणि अँगलवर नुसता एक चकचकीत ठिपका उमटला होता. मी बिट काढलं आणि नवं आणायला मारुती मंदिराकडे निघालो. काकांनी दारातच अडवलं.

"अरे, टाकतोस कशाला? धार गेलीय. ड्रिल नाही गेलं."

काका मुंबईला एका गिरणीत फिटर होते. 1982 च्या संपानंतर परत आले ते रत्नागिरीतच राहिले. पडवीत त्यांचं छोटं ग्राइंडर आहे. त्यांनी बिट दोन बोटांत धरलं, फिरत्या चाकाला टेकवलं आणि मनगट किंचित वळवत खाली नेलं. उजेडात धरून पाहिलं, दुसरी बाजू तशीच केली. पाच मिनिटांत त्याच अँगलमधून लोखंडाचे दोन लांब कुरळे धागे वर येऊ लागले, बिटाच्या दोन्ही बाजूंनी एकेक. "दोन्हीकडून सारखा कीस आला पाहिजे," काका म्हणाले. "एकीकडूनच आला तर भोक मोठं पडतं."

त्या दिवसापासून मी या साध्या वस्तूच्या मागे लागलो. साठ-सत्तर रुपयांत मिळणारं हे बिट मुळात बनवतात कसं?

आपल्या सुतारांकडे पूर्वी सामता असायचा, दोरीच्या ओढीने फिरणारा. नंतर गिरमिट आलं. लाकडाला ते पुरेसं होतं. लोखंडाला भोक पाडायचं तर लोहार पोलादाची सळई टोकाला ठोकून चपटी करायचा आणि तिला धार लावून पाणी द्यायचा. असं चपटं ड्रिल धातू कापण्यापेक्षा खरवडायचंच जास्त. निघालेला कीस भोकातच अडकायचा, टोक भरकटायचं आणि पुन्हा पुन्हा धार लावली की भोकाचं माप बदलायचं.

यावरचा उपाय म्हणजे सळईभोवती मळसूत्री पन्हळ काढायची. कीस त्या पन्हळीतून आपोआप वर चढतो आणि कितीही वेळा घासलं तरी ड्रिलची जाडी तीच राहते. कल्पना सोपी आहे, अडचण पन्हळ काढण्याची. गोल सळईवर, सारख्या खोलीची, सारख्या पिळाची आणि एकमेकींसमोर नेमकी बसणारी पन्हळींची जोडी. ती काढायची कशाने?

उत्तर होतं कानस. कारागीर पोलादाची तार पकडीत धरायचा आणि उंदराच्या शेपटीसारख्या निमुळत्या गोल कानशीने पन्हळ घासत बसायचा. एकेक ड्रिल, हाताने.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स गावात प्रॉव्हिडन्स टूल कंपनीकडे सरकारी बंदुकांचं काम होतं. त्या बंदुकांच्या घोड्याखाली एक पोकळ बोंडी असे. तिच्यावर स्फोटक टोपी बसवायची. घोडा आपटला की ठिणगी बोंडीच्या बारीक भोकातून दारूपर्यंत जायची. म्हणजे प्रत्येक बंदुकीमागे एक बारीक, नेमकं भोक. त्यासाठी मळसूत्री ड्रिलं लागत होती आणि ती कानशीने घासली जात होती. फ्रेडरिक हाउ नावाचा तिथला कारखाना-प्रमुख या दिरंगाईने वैतागला आणि गावातल्याच जोसेफ ब्राउनकडे गेला. ब्राउन घड्याळं आणि मोजमापाची अवजारं बनवणारा माणूस; ब्राउन अँड शार्प ही त्याची कंपनी.

हाउने त्याला एवढंच विचारलं, की ही पन्हळ यंत्राने पाडता येईल का? ब्राउनने जे यंत्र तयार केलं त्यातलं पहिलं 14 मार्च 1862 रोजी हाउच्याच कंपनीला गेलं. त्याची युक्ती अशी: सळई एका टेबलावर धरायची. टेबल पुढे सरकतं तेव्हा त्याच्याच स्क्रूवरून गिअरने फिरवलेली सळईही स्वतःभोवती हळूहळू वळते. वर दात्यांचं गोल कटर फिरत असतं आणि टेबल पन्हळीच्या तिरपेपणाइतकं वळवून ठेवलेलं असतं. सरळ सरकणं आणि गोल वळणं एकत्र झालं की पन्हळ आपोआप मळसूत्री पडते. गिअर बदलले की पीळ बदलतो. एक पन्हळ झाली की सळई अर्धा फेरा फिरवून दुसरी. हेच ते युनिव्हर्सल मिलिंग मशीन. आज जगभरच्या वर्कशॉपांमध्ये गिअरचे दातेसुद्धा ज्या जातीच्या यंत्रावर पडतात, त्याचा जन्म ड्रिलची पन्हळ काढण्यासाठी झाला, हे मला आयटीआयला जाऊन आलेल्या एकाही मित्राने सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी, 1864 मध्ये, ब्राउनने कटरचंही पेटंट घेतलं. हे कटर समोरून घासलं तरी त्याच्या दात्याचा आकार बदलत नव्हता, म्हणून हजारावी पन्हळही पहिलीसारखीच पडायची.

त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशाच्या लाटेत शहर फुगलं. पुढे गिरण्या वाढल्या तेव्हा त्यांत राबायला सगळ्यात जास्त माणसं गेली ती रत्नागिरी जिल्ह्यातून. तेव्हाचा जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यातच. काकांचे आजोबा त्या लाटेतले. प्रॉव्हिडन्समध्ये हाताचं काम यंत्राकडे जात होतं आणि इथून हात बोटीत बसून यंत्राकडे जात होते.

मळसूत्री ड्रिलचं नाव मात्र ब्राउनला मिळालं नाही. ते मिळालं स्टीफन मोर्सला. 1863 मध्ये त्याने आपल्या ड्रिलचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी न्यू बेडफर्ड या बंदरात मोर्स ट्विस्ट ड्रिल अँड मशीन कंपनी उभी राहिली. न्यू बेडफर्ड तोवर देवमाशांच्या शिकारीवर जगत होतं. खनिज तेल आलं आणि देवमाशाच्या तेलाचे दिवस सरत चालले. समुद्रावर पोट असलेल्या गावाने कारखान्याकडे वळायचं, हे कोकणातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. मोठ्या ड्रिलची मागची निमुळती दांडी ज्या मापाने बनते त्याला आजही मोर्स टेपर म्हणतात.

मग कानशीचं काय झालं? ड्रिलच्या कामातून ती सुटली, पण तिची स्वतःची कथा त्याच गावात, त्याच वर्षांत घडली. कानशीचे दात शतकानुशतकं छिन्नी-हातोडीने पाडले जात. एकेका कानशीवर शेकडो घाव. हे यंत्राने करायचे प्रयत्न लिओनार्दो दा विंचीच्या चित्रापासून चालू होते, पण कारागीर यंत्राची कानस हातात धरायला तयार नसत. तिचे दात फार एकसारखे पडत, त्यामुळे ती कामावर थरथरायची आणि रेघा उठवायची. प्रॉव्हिडन्सच्याच विल्यम निकल्सनने 1864 मध्ये कानस बनवायच्या यंत्राचं पेटंट घेऊन कारखाना काढला आणि पुढे दातांमधलं अंतर मुद्दाम किंचित बदलत ठेवलं. हाताकडून जे चुकून होत होतं, ते यंत्राला शिकवावं लागलं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत आवडती गोष्ट वाटते.

आता रत्नागिरीत या. एमआयडीसी स्थापन झाली 1962 मध्ये, ब्राउनच्या यंत्रानंतर बरोबर शंभर वर्षांनी. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत रेमंड समूहाच्या जेके फाइल्सचा कारखाना आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या कानस-उत्पादकांत या कंपनीची गणना होते. आणि याच जिल्ह्यात, चिपळूणला, तिची ड्रिलं बनतात. म्हणजे प्रॉव्हिडन्समध्ये एकमेकींपासून सुटलेल्या या दोन वस्तू आपल्याकडे पुन्हा एका जिल्ह्यात नांदतात. आंबा, मासळी आणि मनीऑर्डर एवढीच ओळख असलेल्या या पट्ट्यातून निघालेली हत्यारं कुठल्या कुठल्या देशांतल्या गॅरेजांत पोचतात, याची आपल्यालाच फारशी खबर नसते.

दरम्यान ड्रिल बदललं होतं. साध्या कार्बन पोलादाच्या ड्रिलचं पाणी अडीचशे अंशांच्या आसपासच उतरू लागायचं. जोरात फिरवलं की टोक मऊ. 1900 च्या आसपास अमेरिकेत फ्रेडरिक टेलर आणि माउन्सेल व्हाइट यांनी टंगस्टनच्या पोलादाला फार उंच तापमानावर पाणी देऊन पाहिलं. ते टोक लालसर तापलं तरी कापतच राहिलं. हेच हाय-स्पीड स्टील, दुकानातल्या बिटावर कोरलेलं एचएसएस. त्याने ड्रिल बनवणाऱ्याची मात्र पंचाईत केली. हे पोलाद महाग आणि पन्हळ पाडताना सळईचा बराच भाग कीस होऊन जातो. शिवाय पन्हळ पाडून मग भट्टीत घातलं तर बारीक ड्रिल वाकतं.

त्यावर दोन वाटा निघाल्या. एक, सळई तापवून साच्याच्या रोळांतून दाबत न्यायची. पन्हळ कापली जात नाही, दाबून उठते, पोलाद वाया जात नाही. स्वस्त ड्रिलं बरीचशी अशी बनतात. दुसरी, सळईला आधी पूर्ण पाणी द्यायचं आणि त्या कडक सळईतच दगडी चाकाने पन्हळ घासून काढायची. ही ड्रिलं जास्त सरळ आणि नेमकी. पन्हळीत शीतक तेलाचा झोत, चाकाला वरचेवर नव्याने आकार देणं, अर्ध्या फेऱ्याचा हिशेब संगणकाकडे. काहींवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर असतो. तो झिजेला आवरतो. सोनेरी दिसतो म्हणून दुकानदार दहा-वीस रुपये जास्त लावतो तो भाग वेगळा.

इथे मला एक गोष्ट टोचते. अशी संगणकी टूल-ग्राइंडिंग यंत्रं बनवणारी मोठी नावं पाहिली तर जर्मनीतली वॉल्टर, स्वित्झर्लंडची रोलोमॅटिक, ऑस्ट्रेलियातली अँका. आपल्याकडेही सिकंदराबादच्या प्रागा टूल्सने हत्यारं घासायची ग्राइंडरं बनवली, पण ती वाट रुंद झाली नाही. हाउला अडचण आली तेव्हा तो गावातल्या गावात ब्राउनकडे गेला आणि काही महिन्यांत यंत्र घेऊन आला. अडचण असलेला माणूस आणि यंत्र बनवणारा माणूस एकाच गावात राहत होते. सुधारणा त्या अंतरात झाली. चिपळूणच्या एखाद्या ऑपरेटरला रात्रपाळीत सुचलं, की चाकाचा कोन जरा बदलला तर पन्हळीची कड सुटणार नाही, तर त्याने कोणाकडे जायचं? परदेशी यंत्राचं झाकण उघडायची त्याला बहुतेक परवानगी नसते. आणि आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूरचं उद्यमनगर आहे, जिथे म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी इंजिनं उघडून, बघून, स्वतः बनवली. हे अंतर फार मोठं नाही. मला तरी वाटतं, आपल्याकडे कसब कमी नाही, ही एक फेरी कमी पडते. कारखान्याला मोठी ऑर्डर मिळण्याइतकीच ती फेरी मोलाची आहे, पण तिची बातमी होत नाही.

मखर उभं राहिल्यावर मी काकांना हे सगळं सांगितलं. फोनवर ब्राउनच्या यंत्राचं चित्र दाखवलं. त्यांनी ते दोन बोटांनी मोठं केलं, गिअरपाशी बराच वेळ थांबले.

"बत्तीस वर्षं ड्रिलला धार लावली," ते म्हणाले. "एकशे अठरा अंश, डोळे मिटून. पण ही पन्हळ पाडताना मी कधी बघितली नाही रे. ती नेहमी पुड्यातूनच आली."

मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, चिपळूणच्या कारखान्यात ओळखीचं कोणी आहे का.