आयातीची गिटार आणि शेवटचा तास

इथे येताना आपल्यातले बरेचजण पळस्पे फाट्यावर कंटेनरच्या मागे अडकले असतील. मीही अडकलो होतो. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, आणि तेव्हापासून या पेट्या पनवेलकरांच्या रोजच्या रस्त्याचा भाग झाल्या. त्यांच्या आत काय असतं, हे आपण सहसा विचारत नाही. आज अशा पेट्यांतून देशात येणाऱ्या एका वस्तूबद्दल बोलायचं आहे. दहा हजारांच्या आसपास मिळणारी इलेक्ट्रिक गिटार.

तिच्याबद्दल दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. पालक म्हणतात, "बाहेरची आहे, म्हणजे चांगलीच असणार." आणि जाणकार शेजारी म्हणतो, "चायनाचा माल, दोन महिन्यांत कपाटावर जाईल." वाक्यं उलटसुलट आहेत, पण चूक एकच आहे. दोघंही वाद्याचा दर्जा देशाच्या नावावरून वाचतात. इतिहास काय सांगतो ते बघू.

सुरुवात कॅलिफोर्नियात होते. फुलर्टन नावाच्या गावात लिओ फेंडर यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते स्वतः गिटारवादक नव्हते, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. वाद्य घडवणारा कारागीर जसा विचार करतो तसा त्यांनी केला नाही. त्यांनी रेडिओसारखा विचार केला. सुटे भाग करा, जोडा, बिघडला तो भाग बदला. १९५० साली त्यांची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली, ती पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. पोकळ पेटी नाही, नाजूक वाकवलेल्या फळ्या नाहीत. मान वेगळी, धड वेगळं, आणि दोन्ही चार स्क्रूंनी जोडलेली.

आता बघा, ज्या दिवशी वाद्य चार स्क्रूंवर आलं, त्या दिवशीच ते जगात कुठेही बनवता येईल हे ठरलं. पुढचा सगळा इतिहास त्यातून निघतो.

साठच्या दशकात टायस्कोसारख्या जपानी कंपन्यांच्या स्वस्त गिटार अमेरिकेच्या मोठ्या दुकानांत भरल्या. त्या काळात 'मेड इन जपान' याचा अर्थ तिकडे तोच होता, जो आज आपल्याकडे 'चायना' या शब्दाचा आहे. पुढे जपानी कारखाने अमेरिकन गिटारच्या हुबेहूब नकला करू लागले. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला. दावा कशावर होता? गिटारच्या शेंड्याच्या आकारावर. "तुमचा माल वाईट आहे" अशी तक्रार त्यात नव्हती. खरी भीती माल चांगला होत चालल्याची होती. आणि १९८२ साली खुद्द फेंडरने जपानी भागीदार घेऊन फेंडर जपान स्थापन केली. मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यात काम सुरू झालं. 'स्क्वायर' हे स्वस्त गिटारचं नाव तिथून जगभर गेलं. त्या वर्षांतल्या स्क्वायर आज लोक शोधून शोधून घेतात.

मग जपान महाग झाला. काम कोरियात गेलं. कोरियात मजुरी वाढली, कामगार संघटित झाले, आणि काम इंडोनेशिया आणि चीनकडे सरकलं. हे 'सरकलं' म्हणणं सोपं आहे. कोर्ट नावाची मोठी कोरियन कंपनी आहे, ती इतरांच्या नावानेही गिटार बनवते. २००७ साली तिने कोरियातला कारखाना बंद करून कामगारांना घरी बसवलं. त्या कामगारांचा लढा बारा वर्षांहून अधिक चालला आणि २०१९ साली समझोता झाला. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जी गिटार आपण "स्वस्त आहे" म्हणून उचलतो, तिच्या किमतीत हाही हिशेब आहे.

आपण या काळात कुठे होतो? आपल्याकडे इलेक्ट्रिक गिटार ऐकू येत होती, विकत मिळत नव्हती. 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंग यांची गिटार १९७१ साली घराघरात पोचली. पण ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर बंधनं होती. चांगलं वाद्य हवं तर बोटीवरचा ओळखीचा खलाशी किंवा परदेशातला नातेवाईक शोधायचा. १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरची संख्यात्मक बंधनं उठली, आणि दार पूर्ण उघडलं. म्हणजे जपान आणि कोरिया ज्या वर्षांत वाईटातून चांगलं करायला शिकत होते, ती वर्षं आपण बाहेरून बघण्यात घालवली.

आता वाद्याकडे येऊ. आजची स्वस्त गिटार नेमकी कुठे स्वस्त असते?

फ्रेटच्या जागांमध्ये नाही. स्ट्रॅटोकास्टरच्या मापात तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते. पहिला फ्रेट सुमारे ३६.४ मिलिमीटरवर येतो, बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. पूर्वी इथे चुका व्हायच्या. आता संगणकावर चालणारं यंत्र हे काप घेतं. त्याला महागडी मान आणि स्वस्त मान यांतला फरक कळत नाही.

फरक आहे तो धातूत. ब्रिजखालचा ठोकळा पोलादाऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. तारा पिळायच्या चाव्यांत ढिलाई असते, म्हणून सूर उतरतो. आणि त्याहून मोठा फरक आहे शेवटच्या तासात. फ्रेट जागेवर बसले, पण सगळे एका उंचीत आहेत का? त्यांची टोकं घासली आहेत का? नटच्या खाचा पुरेशा खोल आहेत का? खाच उंच राहिली तर पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मुलगा शिकतो पहिल्या तीन फ्रेटवरच. त्याला वाटतं, आपली बोटं वाईट, आपला कान वाईट. तीन महिन्यांत गिटार कपाटावर. (हशा) हसू नका, बहुतेक घरांत अशी एक गिटार आहे. त्या मुलाची काही चूक नव्हती.

हा शेवटचा तास हाताचा असतो, म्हणून कारखान्यात काटकसर करायची तर पहिली इथेच होते. आपल्याला हे नवीन नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराला विचारा. भोपळा, लाकूड, तारा सगळं उत्तम असलं, तरी जवारी काढल्याशिवाय तंबोरा बोलत नाही. घोडीवरची ती बारीक घासणी म्हणजेच शेवटचा तास. गिटारवाले त्याला सेटअप म्हणतात.

त्यात पुन्हा पनवेलची हवा. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, मान किंचित हलते, तारा फ्रेटला लागून खरखरतात. कोरड्या दिवसांत पट्टी आकसते, धातू आकसत नाही, मग फ्रेटची टोकं हाताला लागतात. मानेतली सळई थोडी फिरवली, टोकं घासली, की वाद्य ताळ्यावर येतं. म्हणजे कारखान्यात सगळं नीट झालं, तरी शेवटचं काम इथेच करावं लागतं.

आणि एक गंमत सांगतो. २०१७ साली शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ साली सूट मिळाली, पण तोवर अनेक स्वस्त गिटारवर 'इंडियन लॉरेल' नावाची पट्टी आली होती. हे लॉरेल म्हणजे कोण? आपला ऐन! रायगडच्या जंगलात उभा असलेला, ज्याच्या खांबांवर आपल्या आजोबांची घरं उभी होती, तोच. परदेशी म्हणून घेतलेल्या गिटारवर बोट ठेवतो, ते या आपल्या ओळखीच्या लाकडावर.

शेवटी बेंजोकडे येतो. आपल्याकडे हळदीला, गणपतीला जो बेंजो वाजतो, त्याचं मूळ जपानी आहे. १९१२ साली नागोयात मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळांचं 'ताइशोगोतो' बनवलं. ते इकडे बुलबुलतरंग झालं. मग आपल्या पोरांनी त्याला पिकअप बसवला, टेम्पोवर स्पीकर चढवले, आणि बिघडलं तर स्वतः उघडून नीट केलं. आज त्याला आयातीचं वाद्य कोणी म्हणत नाही, कारण ते दुरुस्त करणारे हात आपले झाले.

स्वस्त गिटारच्या बाबतीत तेवढंच राहिलं आहे. घेताना देशाचं नाव वाचू नका. पहिल्या फ्रेटवर सूर तपासा, मानेच्या कडेवरून हात फिरवा, आणि किमतीत थोडे पैसे सेटअपसाठी बाजूला ठेवा. आणि एखादा मुलगा म्हणाला, "मला वाजवायचं नाही, गिटार दुरुस्त करायला शिकायचं आहे," तर त्याला अडवू नका. पनवेलला अशा माणसांची गरज आहे.