लुपिनो, आयडा
(४ फेब्रुवारी १९१८ – ३ ऑगस्ट १९९५). ब्रिटिश-अमेरिकन अभिनेत्री आणि चित्रपट व दूरचित्रवाणी दिग्दर्शिका. जन्म लंडन येथे, रंगभूमीशी निगडित घराण्यात. १९३० च्या दशकात ती हॉलिवुडमध्ये आली. *नॉट वाँटेड* (१९४९) या चित्रपटाचे दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन आजारी पडल्याने तिने दिग्दर्शन हाती घेतले; श्रेयनामावलीत नाव मात्र क्लिफ्टन यांचेच राहिले. पती कॉलिअर यंग यांच्यासमवेत स्थापलेल्या ‘द फिल्ममेकर्स’ या संस्थेद्वारे तिने अल्पखर्ची, सामाजिक विषयांवरील चित्रपट काढले. *आउटरेज* (१९५०) मध्ये बलात्कारपीडितेची मनोवस्था, तर *द बिगमिस्ट* (१९५३) मध्ये द्विभार्या विवाहाचा विषय हाताळला आहे. *द हिच-हायकर* (१९५३) हा गुन्हेपट तिची प्रमुख कृती होय (पहा : फिल्म न्वार). पुढे तिने मुख्यतः दूरचित्रवाणी मालिकांचे दिग्दर्शन केले. *द ट्वायलाइट झोन* या मूळ मालिकेतील भाग दिग्दर्शित करणारी ती एकमेव स्त्री (‘द मास्क्स’, १९६४). लॉस अँजेल्स येथे निधन. (पहा : आर्झनर, डॉरथी; दूरचित्रवाणी).