थरथरत्या जीपचा इतिहास

माणसाचे हात थरथरू लागले की घरातले म्हणतात, वय झालं. डॉक्टर म्हणतात, आधी रक्त तपासू. जीपची पुढची चाकं थरथरू लागली की मात्र घरातले, शेजारचे, पेट्रोल पंपावरचा पोऱ्या आणि ज्यांनी जन्मात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही असे सगळे एकमुखाने म्हणतात, "डँपर बदला." तपासा असं कोणीच म्हणत नाही.

स्टेअरिंग डँपर म्हणजे आडवा झोपवलेला शॉकअप. त्याचं एक टोक टायरॉडला, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याला; दुसरं टोक अ‍ॅक्सलला किंवा चासीला. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोकं. चाक सावकाश वळवलं तर तेल निमूटपणे भोकांतून पलीकडे जातं. चाकाने एकदम हिसका दिला तर एवढं तेल एवढ्याशा भोकांतून जाणार कसं? ते अडतं आणि हिसका विरतो. एक तारखेला पेन्शनर मंडळी एकेक करून आली तर आमच्या काउंटरवर कोणाला पत्ता लागत नाही. शटर उघडताच पन्नास जण आत घुसले तर वाट तेवढीच राहते आणि वेग आपोआप कमी होतो. तत्त्व हेच.

आता बँकेतल्या कारकुनाने टायरॉडबद्दल बोलावं, ही पाळी माझ्यावर साडूभाऊंनी आणली. त्यांनी सरकारी लिलावात एक जुनी महिंद्र जीप घेतली. उंच बॉनेटची. ती ताशी पन्नासला पोचली आणि पुढचं चाक एखाद्या खड्ड्यात आपटलं की पुढची दोन्ही चाकं जी फडफडू लागत, ती गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबत नसत. स्टेअरिंग हातातून निसटायला बघे. साडूभाऊ याला "जरा नाचते" म्हणत.

गंमत म्हणजे त्यांचा शब्द इतिहासाला धरून होता. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत खांदे आणि अंग थरथरवण्याचा 'शिमी' नावाचा एक नाच फार गाजला. सभ्य लोकांनी नाकं मुरडली, त्यामुळे तो आणखी गाजला. त्याच दशकात मोटारींनाही थरथरीची बाधा झाली. १९२३ पासून कमी हवेचे, गुबगुबीत बलून टायर आले. पुढच्या चाकांनाही ब्रेक लागू लागले. रस्ते सुधारले म्हणून वेग वाढला. बसणाऱ्यांना सुख झालं आणि पुढची चाकं नाचू लागली. कारखानदारांनी या रोगाला नाव दिलं ते त्या नाचाचंच. १९२५ साली जॉर्ज ब्रूलिये नावाच्या फ्रेंच इंजिनियराने या शिमीवर निबंध वाचला. नाचावर गंभीरपणे निबंध लिहिणं फ्रेंचांनाच जमतं.

रोगाचं मूळ असं. एका अखंड अ‍ॅक्सलच्या दोन टोकांना दोन चाकं. एक चाक उंचवट्यावर चढलं की सगळा अ‍ॅक्सल कलतो. फिरणारं चाक म्हणजे मोठा भोवराच. फिरता भोवरा कलवायला जावं तर तो भलत्याच दिशेला वळतो. तसं कललेलं चाक बाजूला वळतं. दोन्ही चाकं दांड्याने बांधलेली, तेव्हा दुसरंही वळतं. मग रस्ता त्यांना सरळ करायला बघतो, ती सरळ होऊन पलीकडे जातात, त्या वळण्याने अ‍ॅक्सल पुन्हा कलतो आणि पुन्हा पहिल्यापासून. एकाने बोलायचं, दुसऱ्याने त्यावर बोलायचं आणि मूळ विषय कोणालाच आठवायचा नाही, असं एकत्र कुटुंबातलं भांडण ज्यांनी पाहिलंय त्यांना शिमी वेगळी समजावून सांगायला नको.

अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने यावर उपाय काढला तोही कौटुंबिकच: विभक्त व्हायचं. रोल्स रॉईसमधून १९३० साली कॅडिलॅकमध्ये आलेल्या मॉरिस ऑली या इंजिनियराने पुढची चाकं एकमेकांपासून सुटी करण्याच्या कामाला जोर लावला आणि १९३४ च्या गाड्यांत दोन्ही चाकांनी आपापलं बिऱ्हाड थाटलं. एक कललं तरी दुसऱ्याला सोयरसुतक नाही. मोटारींपुरता प्रश्न बराचसा मिटला.

जीप मात्र एकत्र कुटुंबातच राहिली. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने १३५ कारखान्यांना विचारलं, अशी अशी छोटी गाडी ४९ दिवसांत करून दाखवाल का? मनावर घेतलं दोघांनीच, बँटम आणि विलीज. त्यांपैकी वेळ पाळली ती बँटमने. कार्ल प्रोब्स्टने आराखडे काढले आणि २३ सप्टेंबरला, पाचची मुदत असताना साडेचारला, गाडी होलाबर्डच्या छावणीत हजर! (अर्धा तास आधी आलेला माणूस मी अजून कुठल्याही काउंटरवर पाहिलेला नाही.) पुढे कामाचा मोठा हिस्सा विलीज आणि फोर्डकडे गेला आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे ६ लाख ४० हजार जीपगाड्या बाहेर पडल्या. पुढे अखंड अ‍ॅक्सल, त्यावर पाटे. चिखलात, दगडांत तुटायला नको, आणि तुटलंच तर शेतात दुरुस्त करता यायला हवं. लढाईतल्या त्या जीपला स्टेअरिंग डँपर नव्हता. सगळे सांधे नवे आणि घट्ट, टायर अरुंद आणि मापाचे. काम भागत होतं.

स्वतंत्र भारताचा जुन्या जीपगाड्यांचा पहिला मोठा अनुभव साडूभाऊंपेक्षा फार वेगळा नाही. १९४८ साली लंडनच्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत लष्करासाठी जीपगाड्यांचा सौदा झाला, पैसे बरेचसे आधीच देऊन झाले आणि बंदरात उतरलेल्या १५५ गाड्या कामाच्या निघाल्या नाहीत. संसदेत बराच धुरळा उडाला; १९५५ साली सरकारने प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. माल बघण्याआधी पैसे देऊ नयेत, एवढं सांगायला मी बी.कॉम. झालो याचं मला तेव्हापासून समाधान वाटतं.

त्याच सुमाराला मुंबईत माझगावला महिंद्रंनी विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली होती. १९५३ साली विलीजने नवं, उंच इंजिन बसवलं, म्हणून बॉनेट उंच केलं, आणि सीजे-३बी जन्मली. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे तिची चेहरेपट्टी पुढेही कितीतरी वर्षं चालली. तहसीलदार, फॉरेस्ट रेंजर, लष्कर, निवडणुका आणि शेवटी वडाप, असा तिचा प्रवास. बारा माणसं आत, चार मागे लोंबकळणारी आणि टपावर कोंबड्या, एवढ्या वजनाखाली किती बुश झिजले असतील, याचा हिशेब कोणत्याही खतावणीत नाही.

या जीपच्या स्टेअरिंगमध्ये एक मधला दलाल असतो, बेलक्रँक. स्टेअरिंगचा दांडा आधी त्याला ढकलतो आणि तो चाकांच्या दांड्यांना. दलाल म्हटलं की थोडं खाणं आलंच; त्याचा पिन आणि बुश झिजले की वर दोन बोटं स्टेअरिंग फिरतं आणि खाली चाकाला खबरच नसते. अमेरिकेतल्या सीजे जीपमधली ही जुनी तऱ्हा १९७२ साली गेली. साडूभाऊंच्या गाडीत ती होती आणि भरपूर खात होती.

हे सगळं कळण्याआधी आम्ही नाना पेठेत डँपर घ्यायला गेलो. पुढच्या रविवारी वरंधा घाटातून महाडला जायचं ठरलेलं. मागे दोघी बहिणी, चार पोरं आणि सासूबाई. त्या तर दोघांच्याही. दुकानदाराने एक लालभडक डँपर काचेवर ठेवला. साडूभाऊंचे डोळे चमकले.

"कुठल्या गाडीचा?" मी विचारलं.

"सगळ्याच गाड्यांना बसतो, साहेब. गॅसचा आहे."

सगळ्यांना बसणारी वस्तू म्हटलं की माझ्यातला कारकून जागा होतो. आम्ही नुसतं माप घेतलं. मिटलेला ३८ सेंटिमीटर, ताणलेला ६०. मग डँपर तिथेच ठेवून (साडूभाऊंचा एक हात त्याच्यावरच होता) मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडीवरचा जुना, तेल गळून कोरडा पडलेला डँपर काढून बाजूला टाकला. "हा असला की रोग दिसत नाही," म्हणाले. मला वर बसवून स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि स्वतः खाली झोपले. बेलक्रँक तिथल्या तिथे डुलत होता. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं: किंगपिनचं बेअरिंग सैल. टायरॉडचा एक गोळा झिजलेला. आधीच्या मालकाने हौसेने रुंद टायर आणि बाहेर आलेल्या रिमा घातलेल्या. चाक जितकं बाहेर तितका प्रत्येक धक्क्याला तरफेसारखा जोर जास्त. किंगपिनच्या बेअरिंगपाशी पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. त्यातल्या एक-दोन काढून मिस्त्रींनी सांधा आवळला आणि मासळीवाल्यांकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा अडकवून किती जोराने वळतो ते पाहिलं. शिमीवर औषध शिमच निघावं, याचं मला फार बरं वाटलं. मिस्त्रींना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. बेलक्रँकचा नवा संच, नवा गोळा, मूळ मापाच्या रिमा आणि अरुंद टायर, चाकांचं बॅलन्सिंग, आणि चाकांची पुढची कड मागच्या कडेपेक्षा एक ते अडीच मिलिमीटर आत. यात तीन दिवस गेले आणि साडूभाऊंचं तोंड तिन्ही दिवस उतरलेलं होतं. इतक्या पैशांत लाल रंगाचे बरेच डँपर आले असते.

मग डँपरचं माप. स्टेअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवून दोन्ही खुंट्यांमधलं अंतर मोजलं: ३६ सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूला शेवटपर्यंत: ५१. म्हणजे डँपर मिटल्यावर ३६ पेक्षा लहान हवा, ताणल्यावर ५१ पेक्षा मोठा, आणि दोन्हीकडे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर शिल्लक हवी. नाना पेठेतला लालभाई मिटूनच ३८. एका बाजूला पूर्ण वळण्याआधी तोच आडवा आला असता. घाटातल्या आकड्यासारख्या वळणावर गाडी अर्धीच वळली असती, आणि जोर लावला तर टायरॉड वाकला असता. वरंधा घाटात अर्धवट वळणं म्हणजे काय, हे ज्यांनी तिथली दरी पाहिलीय त्यांना ठाऊक आहे.

"मग साधा शॉकअपच मापाचा बघून टाकू की," साडूभाऊ म्हणाले. तेही जमत नाही. पाट्यांचा शॉकअप बहुधा मिटताना सैल आणि ताणताना कडक असतो. स्टेअरिंगला डावं-उजवं सारखंच, तेव्हा दोन्हीकडे अडवणूक सारखी हवी. ठेव घेताना हसायचं आणि पैसे काढताना सही जुळत नाही म्हणायचं, हे तिथे चालत नाही. शिवाय पुष्कळ साध्या शॉकअपमध्ये तेलावर मोकळी हवा असते. आडवा झोपवला की ती हवा भोकांपाशी येते आणि दट्ट्या पोकळ चालतो. आडवं बसण्यासाठीच बनवलेला हवा.

गॅसचंही तसंच. १९५० च्या दशकात फ्रान्सच्या द कार्बोंने गॅसच्या दाबाचे शॉकअप आणले आणि ते उत्तमच. पण दाब दांड्याला सतत बाहेर ढकलत असतो. मी पाठीमागच्या चलनावर हिशेब केला. दांडा १२ मिलिमीटर जाड आणि आत हवेच्या २० पट दाब असेल तर सुमारे २२ किलोंचा जोर, रात्रंदिवस, एकाच बाजूला. जड गाडीला आणि पॉवर स्टेअरिंगला त्याचं काही वाटत नाही. आमच्या हलक्या जीपला ती सारखी एका अंगाला ओढली असती. म्हणून साधा तेलाचा, ३४ मिटलेला आणि ५३ ताणलेला, टोकांना मूळ खुंट्यांच्या मापाचे बुश असलेला घ्यायचं ठरलं. तो मिळाला. काळा होता.

तो बसवण्याआधी मिस्त्रींनी साडूभाऊंना डँपरशिवायच गाडी हायवेवर न्यायला लावली. मीही शेजारी बसलो होतो, दार धरून. चाळीस, पन्नास, पंचावन्न. मिस्त्रींनी मागून सांगितलं तेव्हा साडूभाऊंनी डोळे जवळजवळ मिटून उजवं चाक एका खड्ड्यातून काढलं. स्टेअरिंगला एक हिसका बसला आणि गाडी सरळ पुढे गेली.

"मग हा कशाला बसवायचा?" साडूभाऊंनी मांडीवरच्या काळ्या डँपरकडे बघत विचारलं.

"तो एक हिसका बसला ना, तेवढ्यासाठी," मिस्त्री म्हणाले.

डँपर बसला. रविवारी सासूबाई वरंध्यापासून महाडपर्यंत झोपल्या, आणि महाडला उतरल्यावर साडूभाऊ चहाआधी रंगाचं दुकान शोधायला गेले.