ब्रेक पॅड बदलायचे की डिस्कही? कारमालकांनी गॅरेजमध्ये जाण्याआधी हे वाचा

गोंदिया : धानाचे पैसे हाती आले की गाडीची कामे निघतात. लग्नसराईच्या आधी तर गॅरेजमध्ये नंबर लागत नाही. चाक खोलल्यावर मिस्त्री म्हणतो, "पॅड संपले, डिस्कही गेली." मग दोनपैकी एक होते. कुणी म्हणतो, फक्त पॅड टाक, डिस्क पुढच्या वर्षी पाहू. कुणी काही न विचारता दोन्हीचे पैसे मोजतो. दोघेही अंदाजाने चालतात. खरे तर पॅड असो की डिस्क, ती बदलायची की नाही हे मिलिमीटरवर ठरते आणि ते पाच मिनिटांत मोजता येते.

आपल्याकडच्या बहुतेक फॅमिली कारला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम असतो. ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे झुकते, त्यामुळे थांबवण्याचे निम्म्याहून बरेच जास्त काम पुढचे ब्रेक करतात. म्हणून पुढचे पॅड आधी संपतात. मागचे ब्रेक शू जास्त काळ टिकतात, पण पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रममध्ये चिखल बसतो. त्यामुळे पावसाळा संपला की मागचे ड्रमही एकदा खोलून साफ करून घ्यावेत.

जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ब्रेकची परीक्षा जास्त होते. देवरीकडचा मासुलकसा घाट, सालेकसा तालुक्यातला दरेकसा घाट, नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातून जाणारे रस्ते आणि त्यात गाडीत पाचच्या जागी सात माणसे. ताशी 80 किमी म्हणजे सेकंदाला 22 मीटर. रानडुक्कर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर गाडी 22 मीटर पुढे गेलेली असते. ब्रेकचे काम त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला तर थांबायला अंतर दुप्पट नाही, सुमारे चौपट लागते.

पॅड कधी बदलायचे?

नव्या पॅडवर घासणारा मसाला साधारण 10 मिमी असतो. तो 3 मिमीवर आला की बदलण्याची तयारी करावी. 2 मिमीच्या खाली गेला तर थांबू नये. लोखंडी पाठीची जाडी यात धरायची नाही, फक्त मसाला मोजायचा. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड पाहावेत. बाहेरचा जाड आणि आतला पार घासलेला असे बऱ्याचदा निघते. तसे निघाले तर कॅलिपरची पिन जाम आहे. ती मोकळी न करता नवे पॅड टाकले तर तेही तसेच जातील.

अनेक पॅडला एक छोटी पत्री असते. मसाला संपत आला की ती डिस्कला लागून किंचाळल्यासारखा आवाज करते. तो इशारा असतो. 'खर्र खर्र' असा जाड आवाज यायला लागला तर लोखंडावर लोखंड घासत आहे. मग डिस्क वाचत नाही.

डिस्कचे उत्तर डिस्कवरच लिहिलेले असते

डिस्कच्या मधल्या उंच भागावर किंवा काठावर 'मिन टीएच' अशी इंग्रजी अक्षरे आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो. त्यापेक्षा डिस्क पातळ झाली तर बदलायची. समजा नवी डिस्क 22 मिमीची आहे आणि आकडा 20 आहे, तर घासायला एकूण 2 मिमीच मिळतात. आज 20.3 भरली तर ती नव्या पॅडच्या पूर्ण आयुष्यभर पुरणार नाही. अशा वेळी दोन्ही एकत्र बदललेले स्वस्त पडते, मजुरी एकदाच लागते. 21.4 भरली आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर डिस्कला हात लावू नका.

मोजताना एक गफलत होते. डिस्कच्या बाहेरच्या काठावर पॅड पोहोचत नाही, तिथे न घासलेली कडा उभी राहते. व्हर्नियर त्या कडेवर टेकला की जाडी जास्त दिसते. मायक्रोमीटर नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. मिस्त्रीला राग येत असेल तर येऊ द्या, पैसे तुमचे आहेत.

ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरते तेव्हा "डिस्क वाकली" असे सांगतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, जाडी कुठे कमी कुठे जास्त झालेली असते. हबवर गंज राहिला आणि त्यावरच डिस्क बसवली तरी ती डुलते आणि काही महिन्यांत थरथर सुरू होते. म्हणून हब ब्रशने घासून घेणे गरजेचे. लेथवर डिस्क सपाट करता येते, पण सपाट केल्यावर जाडी कोरलेल्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे. छोट्या गाडीच्या डिस्कसाठी लेथचा खर्च आणि नव्याची किंमत आधी ताडून पाहा. वरवरचा तांबूस गंज मात्र दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्यासाठी काही बदलू नये.

कोणता माल घ्यावा?

घरच्या गाडीला कंपनीचा किंवा नामांकित ब्रँडचा साधा पॅड पुरे. बॉश, राणे, ब्रेक्स इंडियाचा टीव्हीएस गर्लिंग ही ओळखीची नावे. सिरॅमिक पॅडची काजळी कमी पडते, आवाजही कमी येतो, पण ते महाग असतात. भोकांच्या किंवा खाचांच्या डिस्क दिसायला छान दिसतात, फॅमिली कारला त्यांचा उपयोग नाही. मूळ डिस्क आतून हवा जाणारी असेल तर बदलीही तशीच हवी.

एकाच मॉडेलला वर्षानुसार वेगळे पॅड असतात. त्यामुळे दुकानात नुसते गाडीचे नाव सांगून भागत नाही, आरसीवरचा चॅसिस नंबर दाखवा. डब्यावर पार्ट नंबर, एमआरपी आणि बनवणाऱ्याचा पत्ता पाहा, पक्के बिल घ्या. नकली पॅड थंड असताना बरा वाटतो, घाटात तापल्यावर पकड सोडतो. एबीएस असले तरी त्याने पॅडची पकड वाढत नाही, ते फक्त चाक जाम होऊ देत नाही.

बसवताना समोर उभे राहा

पॅड असो की डिस्क, डाव्या-उजव्या चाकाचे एकदमच बदलायचे. एकच बदलला तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असते, ते ब्रेक क्लीनरने पुसायचे. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावायचे, बेअरिंगचे पिवळे ग्रीस नाही, त्याने रबर फुगते. कॅलिपर उघडा असताना तो ब्रेकच्या पाइपवर लटकत ठेवू देऊ नका. काजळी हवेच्या प्रेशरने उडवू नये, नाकातोंडात जाते. ब्रेक ऑइलला दोन वर्षे झाली असतील तर त्याच वेळी बदलून घ्या. ते हवेतले पाणी शोषते आणि तापल्यावर त्यात बुडबुडे होऊन पेडल खाली जाते. डॉट 3 की डॉट 4 हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते.

गाडी गॅरेजमधून हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करून घ्या. पॅड बसवल्यावर पहिले दाबणे रिकामे जाते, हे विसरल्याने गॅरेजच्या भिंतीला गाडी लागते. नंतर मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 10 पर्यंत हळूहळू ब्रेक दाबत आठ-दहा वेळा आणा, मध्ये थोडे चालवून थंड होऊ द्या आणि गरम ब्रेक दाबून गाडी उभी ठेवू नका. पहिले 200 किमी जोराचा ब्रेक शक्यतो टाळावा. वरातीला गाडी न्यायची असेल तर पॅड आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी बदला.