शिपाई की बाहुला?

खेळण्यांचा इतिहास लिहावा इतके महत्त्व त्यांना आहे काय, अशी शंका पुष्कळांच्या मनात येईल. राजे, तह आणि लढाया यांच्या इतिहासात मुलाच्या मुठीत मावणाऱ्या शिपायाला जागा कोठून असणार? तथापि एखादा समाज आपल्या मुलांच्या हाती कोणता शिपाई देतो आणि त्याला काय म्हणतो, यावरून त्या समाजाची शौर्याची कल्पना जितकी कळते, तितकी ती जाहीर भाषणांवरून कळत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे आपल्या गोव्यात घडलेल्या 'जी. आय. जो' या शिपायाची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सामान्य शिपायाला 'जी. आय.' म्हणत. या अक्षरांचा अर्थ लोकांनी 'सरकारी पुरवठा' असा लावला होता. कपडे सरकारी, बूट सरकारी, तसा माणूसही सरकारी! १९४२ साली डेव्ह ब्रेगर या व्यंगचित्रकाराने त्याला 'जो' हे नाव जोडले. मराठीत 'जो' म्हणजे जो कोणी असेल तो, आणि योगायोगाने मूळ कल्पनाही तीच होती. १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने या नावाचा, सुमारे बारा इंच उंचीचा, सांधे हलणारा आणि गालावर व्रण असलेला शिपाई बाजारात आणला. त्यापूर्वी, १९५९ मध्ये, बार्बी ही बाहुली अवतरली होती आणि कपडे बदलता येणाऱ्या बाहुलीचा व्यापार केवढा होतो हे सर्वांना दिसले होते. या शिपायाची युक्ती तीच. झग्याच्या जागी गणवेश आला इतकेच. परंतु आपला मुलगा बाहुलीशी खेळतो हे कोणत्या बापाला रुचणार? म्हणून हॅस्ब्रोच्या डॉन लेव्हाइन प्रभृतींनी 'बाहुली' हा शब्दच वर्ज्य केला आणि 'अ‍ॅक्शन फिगर' हे नवे नाव रूढ केले.

त्याच वर्षी टोंकिनच्या आखातातील प्रकरण घडले आणि व्हिएतनामचे युद्ध भडकले. युद्धाविषयीचा तिटकारा वाढत गेला तसा दुकानातील शिपाईही पालकांना नकोसा झाला. १९७० पासून कंपनीने त्याला खजिने शोधणारा साहसवीर बनविले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे उत्पादनच थांबले. खऱ्या लढाईमुळे खेळातल्या शिपायाची नोकरी जावी, हा दैवाचा विनोदच म्हणावा लागेल.

१९८२ मध्ये तो परतला तो पावणेचार इंचांचा होऊन. आता तो एकटा नव्हता. त्याची एक तुकडीच झाली होती. स्वतः लष्करात नोकरी केलेल्या लॅरी हामा या लेखकाने प्रत्येक शिपायाची माहिती लिहिली. नाव, जन्मस्थान, हुद्दा, प्रावीण्य असे सारे वेष्टणाच्या पाठीवर छापलेले असे. जणू सरकारी नोकराचे सेवापुस्तकच! शत्रू म्हणून 'कोब्रा' नावाची संघटना निर्माण केली. तिला देश नव्हता. त्यामुळे हा शिपाई कोणत्याही देशात विकता येऊ लागला.

भारतात तो आला तो चेन्नईच्या मार्गाने. १९८७ मध्ये हॅस्ब्रो आणि चेन्नईची एमआरएफ यांच्या सहभागातून फनस्कूल ही कंपनी उभी राहिली. कचेरी चेन्नईत, कारखाना गोव्यात. ज्या गोव्यात १९६१ च्या डिसेंबरात खरे भारतीय जवान उतरले, तेथे पुढे अमेरिकन शिपाई आणि त्याचा शत्रू कोब्रा हे दोघे एकाच छपराखाली ओतले जाऊ लागले. साचे हॅस्ब्रोचे, पण रंग पुष्कळदा निराळे. पुढे हे काम थांबले. मात्र त्या निराळ्या रंगांमुळेच गोव्याच्या शिपायांना परदेशी संग्राहक आजही शोधत असतात.

दरम्यान नावाचा वाद न्यायालयात पोहोचला होता. हा शिपाई बाहुली नव्हे, असे हॅस्ब्रोचे अमेरिकन जकात खात्याला सांगणे होते. कारण बाहुलीवरचा कर अधिक. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की, जकातीपुरती तरी ही बाहुलीच होय! २००३ मधल्या दुसऱ्या एका खटल्यात 'एक्स-मेन' ही पात्रे माणसे नाहीत, सबब बाहुल्या नाहीत, असे ठरले. बारा टक्क्यांऐवजी ६.८ टक्के कर लागला. वर्गवारीच्या फायली चाळण्यात दिवस घालवणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला यात नवल वाटत नाही. २००७ पासून आंतरराष्ट्रीय जकात-यादीत बाहुल्या व इतर खेळणी ९५०३ या एकाच क्रमांकाखाली आली, आणि वाद मिटला.

श्रीपेरुंबुदूरला राहणाऱ्या माणसाला हा सारा संकोच चमत्कारिक वाटतो. तमिळमध्ये या सर्वांना 'बोम्मै' हा एकच शब्द आहे. नवरात्रात घरोघर कोलूच्या पायऱ्यांवर दशावतार, वाणी आणि त्याची वाणीण, पोलिसांचा बँड हे सारे बोम्मै म्हणूनच शेजारी शेजारी बसतात. त्यात कोणाचे पौरुष उणे होत नाही. हे गाव रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. येथील मंदिरातील त्यांची मूर्ती त्यांच्या हयातीत घडली आणि त्यांनी तिला आलिंगन देऊन आपले तेज दिले, अशी परंपरा आहे. देवालयातील मूर्ती आणि खेळणे यांत अंतर फार मोठे. परंतु मनुष्याकृतीत प्राण येतो तो माणसाच्या स्पर्शाने, ही जाण येथे जुनी आहे.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरील मातीच्या आकृतींना पुण्याकडे 'चित्रे' म्हणतात. किती नेमका शब्द! त्यांचा हात हलत नाही, पोशाख बदलत नाही. मावळ्याला सेवापुस्तक नाही. तो तानाजी की येसाजी, हे किल्ला करणारा मुलगा ठरवितो. आणि एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. या किल्ल्यावर शत्रूचे चित्र बहुधा नसतेच. सिंहासनावर महाराज असतात, बुरुजावर मावळे असतात, आणि पायथ्याशी गवळण, शेतकरी, विहीर आणि उगवलेल्या हळिवांचे हिरवे शेत असते. तो लढाईचा देखावा नसून राज्याचा देखावा आहे.

अमेरिकन शिपायाला उभे राहण्यासाठी शत्रू लागला, आणि शत्रूला देश नसावा अशी काळजीही घ्यावी लागली. मावळ्याला लागते ते राखण्याजोगे काहीतरी. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती दोन्ही शिपाई येणार, आणि यावेत. जोला हिणविण्याचे कारण नाही. तोही अखेर कोणा सामान्य माणसाचेच नाव घेऊन आला. मात्र गाव कोणतेही असो, अंगणात चार विटा आणि माती मिळाली तर आधी पायथ्याचे शेत पेरायला मुलांना सांगावे. बुरुजावर उभे राहण्याचे कारण त्या शेतात आहे.