गणितातील चूक बहुधा छेदात

संभाव्यता, सरासरी आणि वेग यांवरील शालेय उदाहरणांत आकडेमोड सोपी असते; गुण जातात ते बहुधा छेद चुकल्याने. एक नाणे दोनदा उडविले असता किमान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? दालाँबेर या विख्यात फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये फ्रेंच ज्ञानकोशात याचे उत्तर २/३ असे मांडले होते. पहिल्याच फेकीत छापा पडला, की डाव संपला. म्हणून छापा, काटा-छापा आणि काटा-काटा या तीनच निष्पत्ती त्याने धरल्या. परंतु त्या समसंभाव्य नाहीत. नमुना अवकाशात चारही निष्पत्ती मांडल्या, की ३/४ हे अचूक उत्तर मिळते. ही यादी लिहिण्याचा कंटाळा परीक्षेतही महागात पडतो.

सरावाच्या वेळी म्हणूनच भागाकारापूर्वी छेदाचा अर्थ शब्दांत लिहावा. १२० किलोमीटर अंतर जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० किलोमीटर वेगाने कापले, तर सरासरी वेग ५० नव्हे, ४८ येतो. कारण छेदात वेळ असतो आणि २४० किलोमीटरना दोन अधिक तीन असे पाच तास लागतात. वर्गीकृत सामग्रीचा मध्य काढतानाही वर्गांच्या संख्येने नव्हे, तर एकूण वारंवारतेने भागावयाचे असते.