परकर-पोलके

परकर-पोलके हा महाराष्ट्रातील मुलींचा पारंपरिक दोनवस्त्री पोशाख आहे. कमरेपासून घोट्यापर्यंत येणारा चुणीदार, घेरदार परकर आणि वरच्या अंगात घालायचे बाह्यांचे पोलके ही त्याची दोन अंगे होत. एके काळी मुलींचा हा रोजचा वेश होता. फ्रॉक, स्कर्ट-ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस यांच्या प्रसारामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो मागे पडला. अलीकडच्या काळात खणाच्या कापडाची आवड वाढल्यामुळे सणासमारंभाचा पोशाख म्हणून तो पुन्हा दिसू लागला आहे.

शब्दार्थ

‘परकर’ या शब्दाचे आज दोन अर्थ रूढ आहेत: मुलींचे बाहेरून दिसणारे घेरदार वस्त्र आणि साडीच्या आत नेसायचे वस्त्र. कासोटा घालून नेसायच्या नऊवारी लुगड्याला आतील परकराची गरज नसते. गोल नेसायच्या पाचवारी व सहावारी साडीला मात्र निऱ्या खोचण्यासाठी तो लागतो. त्यामुळे गोल साडीचा प्रसार झाल्यावर हा दुसरा अर्थ अधिक परिचित झाला. अजून साडी न नेसणाऱ्या वयातील मुलीला बोलीत ‘परकरी पोर’ असे म्हटले जाई. ‘पोलके’ हे चोळीहून वेगळे असते. चोळीची गाठ पुढे बांधतात व ती पोटाच्या वर संपते. पोलक्याला गुंड्या किंवा हूक असतात आणि ते कमरेपर्यंत किंवा किंचित खाली उतरते.

रचना आणि शिवण

परकराचा घेर कापडाच्या लांबीतून मिळतो. साडीचा परकर शिवताना कापड आडवे धरतात. त्यामुळे साडीचा काठ आपोआप परकराच्या तळाशी येतो आणि साडीची लांबी घेरात जाते. वरच्या कडेला धावदोरा घालून चुण्या ओढतात, त्यावर नेफा बसवतात आणि नेफ्यातून नाडी ओवतात. काठाच्या वरच्या बाजूस आडव्या दुमडी घालून ठेवण्याची पद्धत होती. मुलगी उंच झाली की एकेक दुमड उसवून परकर लांब करता येई. पोलक्याच्या शिवणीतही याच हेतूने माया ठेवली जाई. असा एक परकर काही वर्षे पुरे आणि पुढे धाकट्या बहिणीकडे जाई.

लहान मुलींच्या कमरेवर नाडी टिकत नाही. म्हणून त्यांच्या परकराला वर बिनबाह्यांची सुती बंडी जोडतात आणि तिच्यावरून पोलके घालतात. पोलके कमरेखाली उतरलेले असल्यास चुण्यांचा घेर नैसर्गिक कमरेच्या खालून सुरू झाल्यासारखा दिसतो.

कापड

परकरासाठी जुनी साडी वापरण्याची रीत घरोघरी होती. मधला भाग विरला तरी काठ आणि पदर टिकून राहत. काठाच्या बाजूचा परकर आणि पदराचे पोलके अशी विभागणी करून आई-आजीच्या साडीचे मुलीसाठी वस्त्र होई. ठेवणीतल्या पोशाखासाठी पैठणी, इरकली किंवा रेशमी साडी वापरली जाई.

पोलक्यासाठी आणि पुष्कळदा संपूर्ण पोशाखासाठी खणाचे कापड वापरतात. हे काठाचे, लहान नक्षीचे, अरुंद पन्ह्याचे कापड मुख्यतः कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे विणले जाते. पन्हा अरुंद असल्यामुळे खणाच्या परकरासाठी पट्टे एकमेकांना जोडावे लागतात. खणाला धार्मिक स्थानही आहे. सुवासिनीची आणि देवीची ओटी खण-नारळाने भरतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील राशीन येथील जगदंबा देवीसारख्या देवस्थानांत नवरात्रात हे विशेषत्वाने दिसते. ओटीत आलेले खण घरातील मुलींच्या पोलक्यांसाठी उपयोगी पडत.

सामाजिक अर्थ

परकर हा वयाचा निदर्शक होता. परकर सुटून लुगडे आले, की मुलगी मोठी झाली असे मानले जाई. बालविवाहाच्या काळात हा बदल फार लवकर होई आणि तो कधी व्हावा हे मुलीच्या हाती नसे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा वर्षे ठरवले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. विवाहाचे वय वाढले आणि मुली शाळा-महाविद्यालयांत अधिक काळ शिकू लागल्या, तसा परकर आणि साडी यांच्या मधला काळ लांबला. हा काळ मुख्यतः गणवेशाने आणि पंजाबी ड्रेसने व्यापला.

आश्विनातील भोंडला किंवा हादगा आणि नागपंचमीच्या सुमाराचे झिम्मा-फुगडीचे खेळ यांच्याशी परकराचे दृढ नाते आहे. फुगडीत घेर फुलतो आणि पावले मोकळी राहतात.

पाश्चात्त्य घेरदार वस्त्रे

युरोपीय फॅशनमध्ये घेर आणि कमरेची रेषा वारंवार बदलत आली आहे. १९२० च्या दशकात कमरेची रेषा नितंबांपर्यंत खाली उतरली. झान लाँव्हँ यांच्या पॅरिसमधील पेढीचे घेरदार झगे याच काळातील होत. दुसऱ्या महायुद्धातील कापडटंचाईनंतर १२ फेब्रुवारी १९४७ रोजी क्रिस्तियाँ दिओर यांनी सादर केलेल्या ‘न्यू लूक’ने भरघोस घेर परत आणला. टंचाईच्या दिवसांत इतके कापड वापरल्याबद्दल त्यावर टीकाही झाली. २०२० च्या दशकात फुगीर घेर आणि उतरती कंबर पुन्हा प्रचारात आली आहे. तेथे मोठा घेर बहुधा संपन्नतेचे लक्षण ठरला. घरगुती परकराचा घेर मात्र जुन्या साडीच्या पुनर्वापरातून आला होता.

पुनरागमन

आज परकर-पोलके बारसे, वाढदिवस, गुढीपाडवा, गणेशोत्सव आणि शाळांतील सांस्कृतिक कार्यक्रमांत दिसते. खणाचे तयार परकर-पोलके, घेरदार झगे आणि प्रौढ स्त्रियांसाठी लांब स्कर्टही बाजारात मिळतात. तयार पोशाखांत नाडीऐवजी इलॅस्टिक किंवा चेन असते. वाढीव दुमडी आणि माया क्वचितच ठेवतात. त्यामुळे एखाद्या वर्षातच पोशाख अपुरा पडतो. वेशाचे रूप परत आले असले, तरी वाढत्या मुलीबरोबर वस्त्र वाढवण्याची काटकसर बव्हंशी मागे राहिली आहे. दुसरीकडे, परकर कोणत्या वयात सुटावा हे बंधनही उरलेले नाही. पूर्वी वयाने ठरणारा हा वेश आता आवडीने निवडला जातो.

हेही पाहा

खण
नऊवारी साडी
पैठणी
भोंडला